एक लांब, दोन आखूड

बटण दाबलं की आतला पंखा फिरतो,
हिरवा दिवा लागतो,
आणि पडदा काळाच राहतो,
दाभोळच्या खाडीवर अवसेला असतो तेवढा.
मग तो ओरडतो.
एक लांब, दोन आखूड.
थांबतो. पुन्हा
एक लांब, दोन आखूड.

चिपळूणच्या दुकानातला पोरगा फोनवर म्हणाला,
चाचा, तेरा वर्षं झाली, आता नवाच घ्या.
मी म्हटलं, बाबा, मी त्रेसष्ट सालचा आहे,
हा न्याय माझ्या घरी बोलू नकोस.

आत हुरमतबीचा अर्ज आहे.
नवरा तिचा टँकरवर पंपमन होता,
त्याच्या फंडाचे पैसे कुठल्याशा टेबलावर अडलेत.
दोन पानं टाइप झाली होती, तिसरं अर्ध्यावर.
दुपारपासून ती तीनदा येऊन गेली,
उंबऱ्यातूनच विचारते, उठला का?
जसं आत कोणी तापानं निजलंय.

आधी वायर बदलली. मग प्लग.
मग दरेकरांच्या मुलीचा मॉनिटर उचलून आणला.
तोही काळा.
पडद्याचा दोष नाही एवढं कळलं,
आणि पोरीचा अभ्यास बुडाला,
त्याबद्दल तिनं माझे आभार मानले.

रात्री दहाला लाइट गेली. आली.
पुन्हा बटण.
एक लांब, दोन आखूड.
आणि मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

हे मला ठाऊक होतं.
एकतीस वर्षं डेकवर काढली,
स्वतःच्या जहाजाचं नाक दिसू नये अशा धुक्यात
कुठूनतरी हाच आवाज यायचा:
माझी जाळी पाण्यात आहेत,
मला वळता येत नाही,
तुम्ही जरा बाजूनं जा.
आम्ही वेग कमी करायचो.
शिव्या कोणी द्यायचं नाही. धुक्यात
शिवी कुठल्या बाजूला फेकायची तेच कळत नाही.

म्हणजे हा मेला नव्हता.
याला दिसत नव्हतं, आणि तेवढंच तो सांगत होता
सकाळपासून, न चुकता.

चार स्क्रू. एकाची खाच गेलेली,
त्याला सुरीच्या टोकानं राजी केला.
आत मुंग्यांची अंडी, पालीची नुसती शेपूट,
आणि पंख्याखाली दोन बोटं धूळ.
चाखून पाहिली. खारट.
खाडीचा वारा विचारून घरात येत नाही.

पडद्याचं कार्ड उपसलं.
सोनेरी दातांवर हिरवट कीट,
बोटीवरच्या पितळी घंटेवर चढायचं तेच.
तिथे ब्रासोचा डबा असायचा,
इथे दरेकरांच्या मुलीचा खोडरबर,
स्ट्रॉबेरीच्या वासाचा.
हळू घासलं, एकाच दिशेनं.
फुंकर मारली नाही, फुंकरीत पाणी असतं.
जुन्या सदऱ्यानं पुसून
कार्ड खाचेत दाबलं, टक् होईपर्यंत.

बटण.
एक आखूड. एकच.
समुद्रावर त्याचा अर्थ, मी उजवीकडे वळतोय.
इथे काय असेल ते असो,
पांढरी अक्षरं धावत आली,
जशी बंदर लागल्यावर खलाशी शिडीकडे धावतात.

तारीख मात्र एक जानेवारी, दोन हजार दहा.
आतली बटणाएवढी बॅटरी संपलेली.
त्या दिवशी मी कुठे होतो?
बराच वेळ आठवत बसलो.
ट्रंकेतल्या नल्लीत एखादा शिक्का सापडला असता,
पण उजाडलं होतं, आणि उंबऱ्यात हुरमतबी.

बॅटरी चिपळूणला मिळेल.
तोवर वेळ रोज हातानं लावायची.
आजची मी धोपाव्याच्या पहिल्या फेरीबोटीच्या
भोंग्यावर लावली.
ती बोट चार मिनिटं उशिरा सुटते, नेहमीच,
हे आठवलं तेव्हा प्रिंटर
तिसरं पान बाहेर ढकलत होता.
राहू दिलं.